खाण बुजते, नोंद राहते
(भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या ग्रंथालय-मार्गदर्शिकेची प्रस्तावना)

१८४७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात रिचर्ड ओवेन यांनी मुंबई बेटावर सापडलेल्या चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन छापले. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात गोड्या पाण्यात साचलेला गाळ वरळीच्या टेकडीत उघडा पडला होता आणि त्या गाळाच्या खडकात हे बेडूक होते. पाच वर्षांनी मुंबईतले शल्यवैद्य हेन्री कार्टर यांनी बेटाच्या भूविज्ञानावरचा आपला लेख एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १८६६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांनी मुंबई बेट पुन्हा पायाखाली घालून त्याची सविस्तर पाहणी छापली. आज तो थर पाहायला कोणी विद्यार्थी वरळीला गेला, तर त्याला रस्ते आणि इमारती दिसतील. थर पाहायचा असेल तर त्याला ग्रंथालयातच यावे लागेल. ओवेन, कार्टर आणि विन यांच्या पानांवर तो अजून उघडा आहे.

ही मार्गदर्शिका लिहिण्यामागे हीच धारणा आहे. बहुतेक विज्ञानांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा लेख इतिहास म्हणून वाचला जातो. भूविज्ञानात तो पुरावा म्हणून वाचावा लागतो. खडक जागचा हलत नाही, पण तो दिसण्याची संधी मात्र येते आणि जाते. घाटात रेल्वेसाठी डोंगर कापला जातो, काही वर्षे ताजा छेद दिसतो, मग त्यावर झाडोरा वाढतो किंवा सिमेंटचा थर चढतो. दगडखाण चालू असते तोवर रोज नवा पृष्ठभाग उघडतो; ती बंद पडली की तिच्यात पाणी भरते किंवा राडारोडा टाकून ती बुजवली जाते. विहीर खणताना मुरुमाखाली मांजऱ्या लागला की काळा पाषाण, हे त्या चार दिवसांतच डोळ्यांनी पाहता येते. त्या वेळी कोणीतरी पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले, म्हणून आपल्याला ते माहीत आहे.

पुण्याजवळच्या वाघोलीचे उदाहरण घ्या. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे निळेभोर खनिज प्रथम अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे त्याचे सर्वांत देखणे नमुने जगाला मिळाले ते वाघोलीच्या दगडखाणींतून. आज जगभरच्या संग्रहालयांत ते काचेआड मांडलेले आहेत. पण पोकळीत कॅव्हन्साइट कशावर वाढले होते, सोबतचे स्टिल्बाइट हे झिओलाइट आधी आले की नंतर, खडक कोणत्या प्रतीचा होता, हे प्रश्न नमुना एकटा सोडवू शकत नाही. त्यासाठी आर. एन. सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील झिओलाइटांवर १९७४ मध्ये 'मिनरॉलॉजिकल मॅगझिन'मध्ये लिहिलेला लेख वाचावा लागतो. दख्खनच्या बेसाल्टमधील खनिजांवर बर्थोल्ड ओटेन्स यांनी २००३ मध्ये 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड'मध्ये केलेले प्रदीर्घ लेखनही पाहावे लागते. एका लेखात खनिजांचा क्रम आणि त्यांची विभागणी मिळते, दुसऱ्यात खाणींची आणि नमुन्यांची हकिगत. दोन्ही शेजारी ठेवले की चित्र भरत जाते.

आमच्या डोळ्यांसमोर आहे तो पदवीच्या शेवटच्या वर्षाचा किंवा एम.एस्सी.चा प्रकल्प करणारा विद्यार्थी. त्याच्याकडे चार-सहा महिने असतात, एक तालुका किंवा एक खाण असते आणि मार्गदर्शकांनी दिलेला विषय असतो. फील्डवर कसे जायचे, हातोडा, होकायंत्र आणि भिंग कसे वापरायचे, हे त्याला शिकवलेले असते. ग्रंथालयात कसे जायचे, हे मात्र त्याचे त्याने शिकावे अशी अपेक्षा असते. मग तो आधीच्या वर्षीच्या प्रबंधातली संदर्भसूची उतरवून घेतो आणि संगणकावर पहिल्या पानात जे सापडेल ते जोडतो. दोष त्याचा नाही. त्याला कोणी वाट दाखवलेली नसते. ती वाट दाखवणे हे शिक्षकांचे आणि ग्रंथपालांचे काम आहे, आणि ते या पुस्तिकेत मनापासून करायचा प्रयत्न आहे.

पहिले प्रकरण मांडणीच्या कपाटांपासून सुरू होते. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत ड्युई दशांश पद्धत असते. खनिजविज्ञान ५४९ मध्ये, सामान्य भूविज्ञान ५५१ मध्ये, खडकांचा अभ्यास ५५२ मध्ये, आर्थिक भूविज्ञान ५५३ मध्ये आणि जीवाश्म ५६० मध्ये. भारताच्या भूविज्ञानावरची पुस्तके ५५५.४ या क्रमांकाशी, आणि खाणकाम मात्र पार दूर, ६२२ मध्ये, अभियांत्रिकीच्या कपाटात. झिओलाइटांवर काम करणाऱ्याने फक्त ५४९ पाहिले, तर खनिज सापडेल पण ते ज्या बेसाल्टमध्ये वाढले तो ५५२ मध्येच राहील. म्हणून ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीवर) शोध घेतल्यावरही एकदा कपाटांसमोर उभे राहून शेजारची पुस्तके चाळावीत, असा आमचा आग्रह आहे.

विषयात शिरताना मराठीतून शिरायला संकोच नसावा. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात खनिजे, खडक आणि भूवैज्ञानिक प्रक्रिया यांवर मेहनतीने लिहिलेल्या नोंदी आहेत आणि त्या आता संकेतस्थळावर सर्वांना खुल्या आहेत. शासनाचा भूशास्त्र परिभाषा कोश हाताशी ठेवला की जांभा, गेरू, गारगोटी हे गावात ऐकलेले शब्द आणि पुस्तकातल्या संज्ञा यांचा मेळ घालता येतो. त्यानंतर डी. एन. वाडिया यांचे भारताच्या भूविज्ञानावरचे १९१९ पासून पिढ्यांनी वाचलेले पुस्तक, आणि मग राज्याच्या भूविज्ञानावर व खनिजसंपत्तीवर सर्वेक्षणाने काढलेली पुस्तिका. एवढे वाचल्यावरच संशोधनलेखांकडे वळावे. पाया नसताना थेट ताज्या लेखात उडी घेतली की वाक्ये कळतात, प्रश्न कळत नाही.

सर्वांत मोठे प्रकरण अर्थातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनांवर आहे. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था कलकत्त्यात उभी राहिली. तिचे 'मेमॉयर्स' १८५० च्या दशकापासून, जीवाश्मांना वाहिलेली 'पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका' १८६१ पासून आणि 'रेकॉर्ड्स' १८६८ पासून निघू लागले. तिघांचा स्वभाव वेगळा आहे. एखाद्या प्रदेशाचा किंवा खनिजाचा समग्र अभ्यास मेमॉयर्समध्ये येतो. छोट्या नोंदी, एखाद्या नव्या सापडीची बातमी, वर्षभराच्या कामाचा गोषवारा रेकॉर्ड्समध्ये. महाराष्ट्रावर काम करणाऱ्याने डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांचे पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप खडकांवरचे १८६० च्या दशकातले लेखन, रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या प्रदेशावरचा १८७६ चा मेमॉयर आणि एल. एल. फर्मर यांचा भारतातील मँगनीज धातुकावरचा १९०९ चा मेमॉयर निदान हाताळलेला असावा. फर्मर यांचा ग्रंथ हजाराहून अधिक पानांचा आहे. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यातल्या खाणी त्यांनी एकेक करून पाहिल्या आणि लिहिल्या. आज त्या पट्ट्यात मॉइल कंपनीच्या खाणींवर प्रकल्प करणाऱ्या मुलाला आपल्या खाणीची शंभर वर्षांपूर्वीची अवस्था त्यात सापडू शकते.

एवढ्या खंडांतून नेमके पान कसे शोधायचे? यासाठी टी. एच. डी. ला टूश यांनी तयार केलेली भारतीय भूविज्ञानाची ग्रंथसूची आहे. सर्वेक्षणाने ती १९१७ पासून भागांत छापली. त्यातल्या एका भागात आर्थिक महत्त्वाच्या खनिजांची टिपांसह सूची आहे. खनिजाच्या नावाखाली प्रदेश आणि जिल्हे दिलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी त्या खनिजाबद्दल कोणी, कुठे, काय लिहिले ते थोडक्यात नोंदले आहे. संगणक नसलेल्या काळात एका माणसाने उभे केलेले हे काम आजही अनेक शोधयंत्रांपेक्षा जलद उत्तर देते, कारण ते विषय जाणणाऱ्याने केलेले आहे. मार्गदर्शिकेत या सूचीवर आम्ही मुद्दाम अधिक पाने खर्च केली आहेत.

जुन्या साहित्यात शोध घेताना दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्याआधी नागपूर, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) मध्य प्रांतात होते, वऱ्हाड त्याच्याशी जोडलेला होता, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पुणे, रत्नागिरी, नाशिक मुंबई इलाख्यात. म्हणून लातूर किंवा बीडच्या खडकांवरचे जुने लेखन हैदराबादच्या नावाने शोधावे लागते, आणि चंद्रपूरच्या कोळशावरचे मध्य प्रांताच्या नावाने. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांमध्ये जेम्स कॅम्बेल यांनी भूवर्णनाच्या आणि उत्पन्नाच्या प्रकरणांत दगड, चुनखडी, खनिजे यांची माहिती घातली. विदर्भ त्यात मिळणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गावांच्या आणि खनिजांच्या नावांची जुनी रूपे. इंग्रजी कागदपत्रांत पुणे 'पूना' आहे, मनसर 'मानसर' किंवा 'मुनसर'ही असू शकते. फर्मर यांनी छिंदवाड्याच्या सीतापार गावावरून ज्याला सिटापाराइट म्हटले, ते खनिज पुढे बिक्सबाइटच ठरले. बेलडोंगरीतून त्यांनी वर्णिलेले व्रेडेनबुर्गाइट हे दोन खनिजांचे मिश्रण असल्याचे नंतर दिसून आले. शोधताना जुने नाव टाकायचे आणि लिहिताना आजचे, हा नियम पाळला तर गोंधळ होत नाही.

या गोंधळातून सुटण्याचा एक भक्कम मार्ग म्हणजे टोपोशीटचा क्रमांक. गावांची नावे बदलतात, जिल्ह्यांच्या सीमा सरकतात, पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांची जुनी क्रमांकरचना भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालांत आणि भूवैज्ञानिक नकाशांत वर्षानुवर्षे वापरलेली आहे. पुणे शहर ४७ एफ/१४ या पत्रकावर येते. त्या क्रमांकाने शोधले की ज्यांच्या शीर्षकात पुण्याचे नावही नाही असे कागद हाती लागतात. आपल्या क्षेत्राचा पत्रक-क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच शोधाला बसावे.

सापडलेले साहित्य कसे वाचायचे, यासाठी आम्ही लोणार निवडले आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराबद्दलचे लेखन कालक्रमाने वाचणे म्हणजे एक पूर्ण अभ्यासक्रमच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांनी ते ज्वालामुखीशी जोडले. अवतीभवती सगळा बेसाल्टच असताना दुसरा विचार सुचणे कठीणच होते. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराचा विचार करताना लोणारचा दाखला घेतला. १९१२ मध्ये ला टूश आणि क्रिस्टी यांनी रेकॉर्ड्समध्ये लोणारचे सविस्तर वर्णन छापले. १९७३ मध्ये 'सायन्स'मधल्या लेखाने विवराखालच्या खडकांतल्या आघाताच्या खुणा दाखवून, ते अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये झालेले विवर आहे हे पक्के केले. मग प्रश्न आला वयाचा. १९९७ मध्ये तापदीप्तीच्या (थर्मोल्युमिनेसन्सच्या) पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे हे उत्तर आले. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे आजही प्रबंधांत आणि पर्यटनाच्या फलकांवर दिसतात. ज्याने एकच लेख वाचला तो एकच आकडा ठामपणे लिहितो. ज्याने दोन्ही वाचले त्याला विचारावे लागते की कोणत्या पदार्थाचे वय मोजले, ते घड्याळ केव्हा सुरू झाले असे गृहीत धरले, आणि आधीची उष्णता किंवा नंतरचा बदल त्यात शिरला का. संशोधन या प्रश्नांपासून सुरू होते.

असाच प्रसंग सह्याद्रीच्या थरांबाबत येतो. १९८० च्या दशकात लाव्हाच्या रासायनिक घडणीवरून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी मांडणी रूढ झाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नकाशांत मात्र फील्डवर दिसणाऱ्या लाव्हाप्रवाहांच्या ठेवणीवरून केलेली साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी दुसरी मांडणी आहे. दोन्हींमागे वर्षांचे कष्ट आहेत. एका मांडणीतले नाव दुसऱ्या मांडणीच्या नकाशावर चिकटवले की प्रबंधाचा कणाच वाकडा होतो. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने दख्खनच्या बेसाल्टवर काढलेले १९८१, १९८८ आणि १९९९ चे खंड क्रमाने वाचले, तर ही समज कशी घडत गेली ते लक्षात येते.

आर्थिक खनिजांवर काम करणाऱ्यांसाठी नागपूर हे मोठे ठाणे आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय तिथे आहे आणि त्याचे 'इंडियन मिनरल्स इयरबुक' संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे कार्यालयही नागपुरातच आहे. गडचिरोलीचे लोहखनिज, कोल्हापूर-रत्नागिरीचे बॉक्साइट, सिंधुदुर्गची सिलिका वाळू, वर्धा खोऱ्यातला कोळसा, यांपैकी कशावरही लिहायचे असले तरी वार्षिकीपासून सुरुवात करावी. मात्र साठ्याचा आकडा कोणत्या तारखेचा आहे आणि तो सिद्ध साठा आहे की केवळ संसाधन म्हणून मोजलेला, हे दोन्ही लिहिल्याशिवाय तो आकडा वापरू नये. भूजलावर काम असेल तर पुण्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरींच्या नोंदी असतात, आणि त्या खडकांविषयीही पुष्कळ सांगतात.

संगणकावरच्या साधनांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर देशभरचे पीएच.डी. प्रबंध मिळतात, एखाद्या तालुक्यावरची सर्वांत बारीक माहिती पुष्कळदा तिथेच असते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' पोर्टलवर नकाशे आणि माहितीचे थर आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथसंजीवनी'वर जुने ग्रंथ उपलब्ध केले आहेत. 'करंट सायन्स'चे १९३२ पासूनचे अंक खुले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे १३ हजार नियतकालिके वाचता येऊ लागली आहेत. जिल्ह्याच्या गावातल्या शासकीय महाविद्यालयातल्या मुलीला काल जे लेख मागायला पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांच्या दारात जावे लागे, ते आज तिच्या महाविद्यालयातूनच उघडू शकतात. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि तिचा पुरेपूर उपयोग व्हायला हवा.

तरीही छापील खंडांकडे पाठ फिरवू नये, यामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. जुन्या ग्रंथांची स्कॅन प्रत करताना घडी घातलेले नकाशे आणि छेद अनेकदा उलगडलेच जात नाहीत. मजकूर मिळतो, पण ज्या नकाशासाठी तो मेमॉयर लिहिला गेला तोच हरवलेला असतो. अशा वेळी आपल्या ग्रंथपालांना भेटावे. भेटताना 'झिओलाइटवर काही आहे का' असे मोघम विचारण्याऐवजी खनिज, तालुका, पत्रक-क्रमांक आणि कोणत्या काळातले साहित्य हवे ते लिहून न्यावे. आपल्याकडे नसलेला खंड कोणत्या ग्रंथालयात आहे हे संयुक्त सूचीतून शोधून आंतरग्रंथालयीन देवघेवीने मिळवता येतो, हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. ग्रंथपाल हे त्यांच्या संशोधनातले पहिले सहकारी आहेत, आणि त्यांच्या मदतीचा उल्लेख प्रबंधात मानाने व्हायला हवा.

शेवटचे प्रकरण घेण्याबद्दल नसून देण्याबद्दल आहे, आणि ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांतून दरवर्षी प्रकल्प होतात. त्यांतल्या पुष्कळांत एखाद्या विहिरीचा, रस्त्याच्या नव्या कापाचा, चालू खाणीचा छेद काढलेला असतो. परीक्षा झाली की त्या प्रती गठ्ठ्यात बांधल्या जातात आणि काही वर्षांत निकालात निघतात. फर्मर किंवा विन यांच्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्याचे निरीक्षण लहान असेल, पण ती जागा त्या दिवशी पाहणारा तो एकटाच होता. म्हणून आमची विद्यार्थ्यांना आणि विभागप्रमुखांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत ग्रंथालयाच्या सूचीत नोंदवून जमा करा. तिच्यात प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, पाहिल्याची तारीख, पत्रक-क्रमांक आणि नमुन्याचा क्रमांक असू द्या, आणि तोच क्रमांक विभागाच्या संग्रहातल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहा. नकाशा घडी घालून मागच्या खिशात ठेवू नका, बांधणीत घ्या. महामार्ग, धरणे आणि वाढती शहरे महाराष्ट्राचा खडक आज ज्या वेगाने उघडत आणि झाकत आहेत, त्या वेगाने नोंदी ठेवण्याचे बळ एकट्या सरकारी खात्यांकडे नाही. ते बळ महाविद्यालयांतल्या मुलामुलींकडे आहे. त्यांनी आधीच्यांचे वाचावे, स्वतः पाहावे आणि पाहिलेले पुढच्यांना सापडेल असे ठेवून जावे, यासाठी ही मार्गदर्शिका आहे.